डँपरची मोटर जोडताना: वीज गेली तर झडप कुठे थांबणार?

काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात पुण्यातल्या एका ऑफिसच्या इमारतीतून फोन आला. सोमवारी सकाळी दार उघडलं की दमट वास यायचा. एसी सुरू केल्यावर पहिला तासभर ग्रिलवर पाणी धरायचं आणि खालच्या टेबलांवर ठिबकायचं. रेकॉर्ड रूममधल्या फायलींच्या पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी आली होती. एसीवाला दोनदा येऊन ड्रेनचा पाइप साफ करून गेला होता.

एएचयूच्या, म्हणजे हवा थंड करून डक्टमध्ये ढकलणाऱ्या यंत्राच्या खोलीत गेलो. बाहेरची ताजी हवा आत घेणाऱ्या डक्टवर दीड-दोन फुटांचा डँपर होता आणि त्याच्या दांड्यावर २३० व्होल्टची मोटर बसवलेली होती. एएचयू बंद होता, डँपर मात्र सताड उघडा. जाळीसमोर हात धरला तर पावसाची ओली हवा सरळ आत येत होती. शनिवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत ती अशीच येत राहायची आणि सोमवारी थंड झालेल्या ग्रिलवर तिचंच पाणी व्हायचं.

मोटर चांगली होती. डँपरची पातीही मोकळी फिरत होती. मोटरमधून तीन तारा बाहेर आल्या होत्या, त्यांतल्या दोनच जोडलेल्या होत्या. तिसरी, पांढरी तार काळ्या टेपात नीट गुंडाळून बाजूला ठेवली होती. इमारतीचे वायरमन मामा शेजारी उभे होते. ते म्हणाले, “साहेब, फेज दिला, न्यूट्रल दिला, मोटर फिरली. अजून तिसरी कशाला?”

त्यांचा प्रश्न रास्त होता. डँपरच्या मोटरचं वायरिंग समजून घ्यायला सुरुवात इथूनच करावी.

डँपर म्हणजे डक्टमधली झडप. चौकटीत पत्र्याची पाती, पातीच्या मधून दांडा, आणि दांडा पाव फेरा, म्हणजे ९० अंश फिरला की वाट पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद. हा दांडा फिरवणाऱ्या डब्याला अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. साइटवर सगळे त्याला मोटरच म्हणतात, मीही तेच म्हणतो. आत एक छोटी मोटर आणि दात्यांची रांग असते. वेग कमी करून जोर वाढवायचा, एवढंच त्या दात्यांचं काम. म्हणून ही मोटर सावकाश फिरते. ९० अंशांसाठी १५० सेकंद घेणाऱ्या मोटरी अगदी सर्रास दिसतात. जोर न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. ढोबळ हिशेब असा की सुमारे एक चौरस मीटरच्या डँपरला ५ न्यूटन-मीटर, दोनला १०, चारला २०. डँपर जुना असेल किंवा सील घट्ट असेल, तर मी एक पायरी वरची घेतो.

पंख्याच्या मोटरला वीज बंद केली की ती थांबते, आणि थांबणं हेच आपल्याला हवं असतं. डँपरच्या मोटरचं तसं नाही. ती वीज बंद झाल्यावर थांबते, पण झडप जिथे असेल तिथेच ठेवून. दात्यांच्या पकडीमुळे वाऱ्याच्या दाबानेही ती मागे फिरत नाही. झडप बंद करायची तर मोटरला उलटं फिरावं लागतं, आणि उलटं फिरायलाही वीज लागते. तिसरी तार त्यासाठी असते. अशा मोटरला पहिल्या दोन तारांवर कायम वीज द्यायची. तिसऱ्या तारेवर फेज आला की मोटर एका दिशेला जाते, फेज गेला की दुसऱ्या दिशेला. टोकाला पोचली की आपली आपण थांबते. म्हणजे स्विच लावायचा तो तिसऱ्या तारेवर.

त्या इमारतीत एएचयूच्या कॉन्टॅक्टरवरून, म्हणजे त्याचा पंखा चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचवरून, दोन तारा आणून मोटरच्या पहिल्या दोन तारांना जोडल्या होत्या. एएचयू सुरू झाल्यावर वीज आली, मोटर एका बाजूला गेली आणि झडप उघडली. एएचयू बंद झाल्यावर वीजच गेली. मग झडप बंद कोण करणार? पहिल्या दिवशी जी उघडली, ती तशीच राहिली.

मोटरींची दुसरी जात स्प्रिंगवाली. तिला दोनच तारा. वीज आली की मोटर स्प्रिंग पिळत पिळत झडप उघडते आणि वीज असेपर्यंत थोडा करंट घेऊन तशीच धरून ठेवते. वीज गेली की स्प्रिंग झडप परत आणते, ती कुणाच्या हुकमाची वाट बघत नाही. मामांनी आयुष्यभर पाहिलेलं वायरिंग या जातीचं होतं आणि त्यांच्या हातात आलेली मोटर पहिल्या जातीची. डबे बाहेरून इतके सारखे दिसतात की मॉडेल नंबर वाचल्याशिवाय फरक कळत नाही. पॅनलपासून डँपरपर्यंत दोनच कोरची (आत दोनच तारा असलेली) केबल ओढलेली होती, त्यावरून मूळ आराखड्यात स्प्रिंगवालीच मोटर असावी असं वाटलं. आम्ही केबलला हात न लावता मोटर बदलली. पुढच्या सोमवारी ग्रिल कोरडे होते.

तेव्हापासून मी कुठलाही डँपर जोडण्याआधी एकच प्रश्न विचारतो: वीज गेली तर ही झडप कुठे असली पाहिजे? ताज्या हवेची झडप बंद झाली पाहिजे. दोन पंख्यांपैकी एक चालू आणि एक राखीव असेल, तर थांबलेल्या पंख्याची झडप बंद हवी, नाहीतर चालू पंख्याची हवा त्यातूनच मागे फिरते. ऑफिसच्या एखाद्या केबिनची हवा कमी-जास्त करणारी झडप आहे तिथे राहिली तरी काही बिघडत नाही, तिथे स्प्रिंगवर पैसे घालवू नयेत. उत्तर कागदावर आलं की कोणती मोटर, किती तारा आणि कोणता कॉन्टॅक्ट हे आपोआप ठरत जातं.

हा प्रश्न सर्वांत जड होतो तो फायर डँपरच्या बाबतीत. आग अडवणाऱ्या भिंतीतून किंवा शाफ्टमध्ये जिथे डक्ट शिरतो, तिथे तो बसवतात. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ च्या चौथ्या भागात त्याबद्दल स्पष्ट लिहिलेलं आहे. एरवी तो उघडा असतो. आगीत मात्र त्याने बंद व्हायलाच हवं, आणि तेही वीज असो वा नसो. म्हणून इथे स्प्रिंगवालीच मोटर. तिच्यासोबत डक्टमध्ये डोकावणारा उष्णतेचा फ्यूज असतो, बहुतेक ७२ अंश सेल्सिअसचा. हवा तेवढी तापली की फ्यूज मोटरची वीज तोडतो आणि स्प्रिंग साधारण वीस सेकंदांत झडप लावते. त्याच वीजवाटेत फायर अलार्म पॅनलचा रिले, म्हणजे पॅनलच्या हुकमावर चालणारा स्विचही येतो.

या रिलेचा कॉन्टॅक्ट निवडताना घाई करू नका. अलार्म आल्यावर जो कॉन्टॅक्ट उघडतो, म्हणजे वीज तोडतो, तो मोटरच्या पुरवठ्यात सिरीजमध्ये घ्यायचा. मग तार तुटली, टर्मिनल सैल झालं, फ्यूज उडाला, काहीही झालं तरी झडप बंदच होते. दोष लगेच दिसतो आणि चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होते. याउलट, अलार्म आल्यावर मिटणाऱ्या कॉन्टॅक्टवरून मधला एखादा रिले उचलून पुरवठा तोडायची योजना केली, तर उंदराने कुरतडलेली एक तार वर्षानुवर्षं कुणाला दिसणार नाही. आगीच्या दिवशी मात्र झडप उघडीच राहील. अशी जोडणी मी स्वतः उलगडून परत केलेली आहे. ती करणाऱ्याने काम मन लावून केलं होतं, तारांच्या टोकांवरचे फेरूल नंबरसुद्धा व्यवस्थित होते. फक्त हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

आता याच्या अगदी उलट गोष्ट. धूर बाहेर ओढणाऱ्या वाटेवरचा डँपर आगीत उघडा राहिला पाहिजे, आणि आगीच्या मधोमध तो हलवायची वेळही येऊ शकते. त्यासाठी बऱ्याच ठिकाणी स्प्रिंग नसलेली, दोन्ही बाजूंना वीजेवर चालणारी मोटर घेतात. ७२ अंशांचा फ्यूज तिथे चालणार नाही. तिच्यापर्यंतची केबल आगीतही तग धरणाऱ्या जातीची लागते. तळघरातल्या पार्किंगमध्ये हे दोन डँपर कधीकधी दहा फुटांच्या अंतरावर असतात. त्यांची अदलाबदल झाली तर रोजच्या कामात काहीच कळत नाही.

एक गोष्ट मला खास आपल्याकडच्या मंडळींना सांगायची आहे, कारण तिच्यामुळे मोटरी जळतात आणि कंपनीचा माल खराब म्हणून परत जातात. २३० व्होल्टच्या बऱ्याच मोटरींच्या तारांचे रंग युरोपच्या पद्धतीचे असतात: तपकिरी म्हणजे फेज, निळी म्हणजे न्यूट्रल. आपल्या पॅनलमध्ये लाल, पिवळा, निळा हे तीन फेज आणि काळा न्यूट्रल, असं डोळ्यांना वळण पडलेलं आहे. कुणी निळी तार निळ्या फेजवर आणि तपकिरी तार लाल फेजवर लावली, तर मोटरला २३० ऐवजी दोन फेजांमधले सुमारे ४०० व्होल्ट मिळतात. रंगावर विश्वास ठेवू नका. मोटरच्या तारेवर नंबर छापलेला असतो आणि झाकणावर आकृती असते, ती बघा. मग मल्टिमीटरने पॅनलवर मोजा आणि मगच जोडा. २३० व्होल्टचं काम परवानाधारक वायरमननेच करावं, एमसीबी पाडून, तिला कुलूप घालून, आणि तार मेलेली आहे हे मोजून.

बऱ्याच इमारतींत मोटरी २४ व्होल्टच्या असतात. हात लागला तर धोका कमी, कंट्रोलरशी, म्हणजे मोटरींना हुकूम देणाऱ्या डब्याशी जुळवणं सोपं, आणि ट्रान्सफॉर्मरमुळे मुख्य लाइनपासून वेगळेपणा. पण २४ व्होल्टचे स्वतःचे जाच आहेत. पहिला अगदी साधा. खिशातला निऑनचा टेस्टर २४ व्होल्टवर लागतच नाही. टेस्टर पेटला नाही म्हणून ‘सप्लाय नाही’ असा निष्कर्ष काढून लोकांनी चांगले ट्रान्सफॉर्मर बदललेले आहेत. मीटरच लागतो.

दुसरा ट्रान्सफॉर्मरच्या आकाराचा. मोटरच्या पट्टीवर दोन आकडे दिसतात, उदाहरणार्थ २ वॅट आणि ४ व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर). वीजबिलाचा आकडा पहिला, ट्रान्सफॉर्मर आणि वायर ठरवायचा आकडा दुसरा. वॅट मोजून ट्रान्सफॉर्मर घेतला तर सगळ्या मोटरी एकदम फिरायला लागल्यावर तो गुदमरतो. सकाळी आठ वाजता टायमर लागल्यावर नेमकं तेच होतं.

तिसरा जाच वायरच्या लांबीचा आणि तो आकड्यांनीच पटतो. समजा ५ व्हीएच्या दहा मोटरी एका टोकाला आहेत. एकूण ५० व्हीए. २४ ने भागलं की सुमारे २.१ अँपिअर. अंतर ४० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ८० मीटर तांबं. अर्ध्या स्क्वेअरची (अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची) सिग्नलची वायर वापरली तर त्या ८० मीटरचा रोध तीन ओहमच्या आसपास येतो, आणि वाटेतच सहा व्होल्ट खर्च होतात. मोटरपाशी उरले १८. अशा मोटरी साधारण १९.२ ते २८.८ व्होल्टमध्ये चालतात. मग त्या थरथरतात, अर्ध्यावर थांबतात, किंवा एक-दोनच मोटरी हलताना व्यवस्थित चालून सगळ्या मिळून हलताना अडतात. हीच वायर दीड स्क्वेअरची घेतली तर घट दोन व्होल्टवर येते आणि तक्रार संपते. एवढ्याच व्हीएला २३० व्होल्टवर करंट जवळजवळ दहापट कमी लागतो. त्यामुळे २३० चं काम करणाऱ्याला वायरच्या जाडीचा हा धडा कधी शिकावाच लागलेला नसतो.

आतापर्यंत उघड-बंद झालं. पण डँपर ३५ टक्के उघडा ठेवायचा असेल तर? तेव्हा मोटरला वीजेच्या दोन तारांशिवाय एक सिग्नलची तार असते. तिच्यावर कंट्रोलर ० ते १० किंवा २ ते १० व्होल्ट डीसी पाठवतो. व्होल्टेज जितकं जास्त, तितकी झडप उघडी. २ ते १० च्या पद्धतीत चांगली सोय आहे. २ म्हणजे पूर्ण बंद, आणि साफ शून्य आलं तर तार तुटली असावी ही शंका घेता येते. कंट्रोलर ४ ते २० मिलिअँपिअर देत असेल तर मोटरच्या सिग्नल आणि कॉमनमध्ये ५०० ओहमचा रेझिस्टर लावतात. २० मिलिअँपिअर गुणिले ५०० ओहम म्हणजे १० व्होल्ट आणि ४ चे २, इतका सरळ हिशेब.

सरळ नसतो तो कॉमनचा. अशा मोटरवर उलट्या ‘टी’सारखं चिन्ह असलेली तार असते, सहसा काळी. ती एकाच वेळी वीजेची परतीची वाट असते आणि सिग्नलचीही. सिग्नल ‘पाच व्होल्ट’ आहे म्हणजे कशापासून पाच? या काळ्या तारेपासून पाच. आता एका ट्रान्सफॉर्मरवर सहा मोटरी आहेत आणि सगळ्यांचं कॉमन कंट्रोलरच्या कॉमनला बांधलेलं आहे. त्यांतल्या एकीच्या लाल-काळ्या तारा उलट लागल्या. सप्लाय एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा आहे, उलटसुलट काय फरक पडतो, असं वाटतं. साध्या बल्बला पडत नाही. इथे मात्र त्या एका मोटरचं कॉमन ट्रान्सफॉर्मरच्या गरम टोकाला (जिथे लाल तारा जातात तिथे) गेलं आणि बाकीच्यांचं थंड टोकाला, आणि ही दोन टोकं सिग्नलच्या बारीक कॉमन तारेतून एकमेकांना भेटली. तो शॉर्टच. नशीब चांगलं असेल तर फ्यूज जातो, नाहीतर कंट्रोलरचं आउटपुट कार्ड. म्हणून मी अशा कामात सहाही मोटरींच्या काळ्या तारा आधी जोडतो आणि मीटर लावून त्या सगळ्या एकच असल्याची खात्री करतो. मग लाल, आणि सिग्नल सर्वांत शेवटी.

मोटरी आणि कंट्रोलर वेगवेगळ्या ट्रान्सफॉर्मरवर असतील तर दोन्हींचे कॉमन एकमेकांना जोडावे लागतात. नाहीतर पाच व्होल्ट कशापासून मोजायचे हे मोटरला कळत नाही आणि ती मनमानी फिरते. शिवाय मघाची ती वायरमधली घट इथेही आडवी येते. कॉमनमधून मोटरींचा करंट वाहत असेल, तर त्यातली घट सिग्नलमध्ये मिसळते. ० ते १० च्या सिग्नलमध्ये एका व्होल्टची चूक म्हणजे झडपेची दहा टक्के चूक. शक्य असेल तिथे सिग्नलच्या परतीला वेगळा कोर द्या. सिग्नलची केबल पंख्याच्या व्हीएफडीच्या, म्हणजे पंख्याचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या, केबलसोबत एकाच ट्रेमध्ये टाकू नका. पिळाची, शील्डवाली घ्या आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. व्हीएफडी सुरू झाल्यावर डँपर सारखा मागे-पुढे नाचत असेल तर आधी इथे बघा.

पंखा आणि झडप यांचा क्रम हाही वायरिंगचाच भाग आहे. झडप उघडायला १५० सेकंद लागतात, मोठा पंखा त्याआधीच पूर्ण वेग घेतो. बंद झडपेवर पंखा चालला तर दाबाच्या बाजूचा डक्ट फुगतो आणि ओढीच्या बाजूचा आत बसतो. पत्र्याचा तो ‘धड्डाम’ आवाज ऐकलेला माणूस विसरत नाही. म्हणून मोटरवर मिळणारा छोटा सहाय्यक स्विच पंख्याच्या सुरू होण्याच्या वाटेत घेतात. झडप ठरलेल्या कोनापर्यंत उघडली, स्विच मिटला, मगच कॉन्टॅक्टरला परवानगी. या स्विचवर ३ अँपिअर लिहिलेलं असतं, पण शेजारी कंसात बऱ्याचदा ०.५ असतं. ते कॉइलसारख्या लोडसाठी. मोठ्या कॉन्टॅक्टरची कॉइल त्यावर थेट टाकू नये, मध्ये एक रिले घ्यावा.

आणि तो स्विच किंवा मोटरचा फीडबॅक, म्हणजे ती कंट्रोलरला परत पाठवते तो सिग्नल, काय सांगतो, हे लक्षात असू द्या. तो मोटर कुठे आहे ते सांगतो, पाती कुठे आहे ते नाही. दांड्यावरचा क्लँप सैल असेल तर मोटर इमानदारीने ९० अंश फिरते, स्क्रीनवर ‘१०० टक्के उघडा’ येतं, आणि डक्टमधली पाती जागची हललेलीही नसते. बहुतेक डँपरच्या दांड्याच्या टोकावर पातीच्या दिशेने एक खाच मारलेली असते. नसेल तर मी करवतीने मारतो आणि वर मार्कर फिरवतो. डक्ट बंद झाल्यावर आतलं सांगणारी तेवढीच खूण उरते.

मोटरसोबत येणाऱ्या त्या पट्टीबद्दलही दोन शब्द. मोटर दांड्याभोवती गरगरू नये म्हणून तिला डक्टवर एका पट्टीने अडवतात आणि पट्टीच्या खाचेत थोडी ढिलाई सोडलेली असते. दांडा कधीच अगदी मधोमध नसतो, फिरताना मोटर किंचित डुलते. ती ढिलाई ‘लूज’ समजून कुणी स्क्रू आवळून टाकतो, आणि मग मोटर स्वतःच्याच दांड्याशी झगडत लवकर मरते. तारा सगळ्या बरोबर असतात, म्हणून दोष सापडायला वेळ लागतो.

जोडणी झाल्यावर मी स्क्रीनकडे बघून काम संपवत नाही. स्प्रिंग नसलेल्या मोटरचं बटण दाबून आधी हाताने झडप दोन्ही टोकांना नेतो, कुठे घासते का ते बघतो. मग वीज, मग उघडण्याचा हुकूम, घड्याळ लावून. दिशा उलटी निघाली तर तारा बदलायच्या नाहीत, मोटरवरचा दिशेचा छोटा स्विच फिरवायचा. शेवटी झडप पूर्ण उघडी असताना तिची एमसीबी पाडतो आणि दांड्यावरच्या खाचेकडे बघत उभा राहतो. ती जिथे थांबते ते त्याच जागी डक्टवर मार्करने लिहितो: ‘वीज गेली – बंद’ किंवा ‘वीज गेली – जागेवर’, आणि खाली तारीख. फॉल्स सीलिंगच्या कुठल्या टाइलमागे हा डँपर आहे ते पॅनलच्या दाराला आतून चिकटवलेल्या आकृतीवर लिहितो. त्या पुण्याच्या इमारतीत आता मामाच हे लिहितात, आणि त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.